यूडेव्ह

लिनक्स या मुक्तस्रोत परिचालन प्रणालीतील उपकरण-व्यवस्थापक. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये तो पुढे आणला. २०१२ मध्ये तो सिस्टमडी या लिनक्सच्या प्रणाली-व्यवस्थापकाच्या प्रकल्पात विलीन झाला. उपकरण जोडताच कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा सूचना देतो. मग यूडेव्ह नियम तपासून त्याची मालकी, परवानग्या व टोपणनाव ठरवतो. नियमांच्या फाइली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात. म्हणून नावाआधी ९९ सारखा आकडा घालतात. हुबळीजवळच्या तारिहाळसारख्या औद्योगिक वसाहतीत एकाच संगणकाला वजनकाटा व बारकोड स्कॅनर यूएसबी-सीरियल केबलने जोडले, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्यांच्या पोर्ट क्रमांकांची अदलाबदल होऊ शकते. केबलचा अनुक्रमांक ओळखून ‘काटा’ हे कायमचे टोपणनाव देणारा एका ओळीचा नियम ही अडचण सोडवतो. आधीच जोडलेल्या उपकरणाला नवा नियम लागू करण्यासाठी ते काढून पुन्हा जोडावे किंवा ‘udevadm trigger’ ही आज्ञा द्यावी लागते.