दोन सैनिक, दोन शर्यती आणि उशिरा झालेली नोंद

१/
ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक कोणी मिळवून दिले? अभिनव बिंद्रा, बीजिंग, २००८. हे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याच्या ३६ वर्षे आधी, ऑगस्ट १९७२ मध्ये, सांगली जिल्ह्यातील पेठ गावच्या एका सैनिकाने जर्मनीतील हायडेलबर्ग येथे विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले होते. स्पर्धा पॅरालिंपिकची होती. सैनिकाचे नाव मुरलीकांत पेटकर.

२/
ते पदक जिंकायला ३७.३३ सेकंद लागले. देशाच्या क्रीडा-इतिहासात त्याला मानाचे स्थान मिळायला ४६ वर्षे लागली. या विलंबाची कारणे समजून घ्यायची तर आणखी एका जायबंदी सैनिकाची कथा शेजारी ठेवून पाहावी लागते. ती अमेरिकेतील आहे आणि मोटारशर्यतीची आहे.

३/
रॉबर्ट ‘रेड’ बायरन यांचा जन्म १९१५ चा. महायुद्धापूर्वी ते लहानमोठ्या मोटारशर्यतींत भाग घेत असत. युद्ध सुरू झाल्यावर ते अमेरिकी हवाई दलात दाखल झाले आणि बी-२४ या बॉम्बफेकी विमानावर नेमले गेले. अलास्कालगतच्या अल्यूशन बेटांपैकी किस्का हे बेट तेव्हा जपानच्या ताब्यात होते. तेथील मोहिमेत विमानविरोधी माऱ्याने त्यांच्या डाव्या पायाची चाळण झाली. पुढची दोन वर्षांहून अधिक काळ त्यांनी रुग्णालयांत काढली.

४/
पाय वाचला, पण त्यात पूर्वीचे बळ राहिले नाही. डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो, आणि तोच पाय अधू झालेला. त्यावर उपाय असा निघाला की पायाला लावलेला पोलादी आधार थेट क्लचच्या पेडलला बोल्टने जोडायचा. १९४६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षानंतर, बायरन पुन्हा शर्यतीत उतरले. त्यांच्या गाडीचे मालक रेमंड पार्क्स हेही महायुद्धातून परतलेले सैनिकच होते.

५/
अमेरिकेत तेव्हा ‘स्टॉक कार’ शर्यतींचे पीक आले होते. स्टॉक कार म्हणजे शर्यतीसाठी खास न बांधलेली, दुकानात कोणालाही विकत मिळणारी मोटारगाडी. या शर्यतींना एकच नियमावली आणि एकच गुणतक्ता असावा यासाठी १९४८ मध्ये ‘नॅसकार’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या आधिपत्याखालील पहिली शर्यत १५ फेब्रुवारी १९४८ रोजी डेटोना येथे झाली आणि ती बायरन यांनी जिंकली.

६/
१९४९ मध्ये नॅसकारने नव्या कोऱ्या, फेरफार न केलेल्या गाड्यांची मालिका सुरू केली. त्या हंगामात आठ शर्यती झाल्या. दोन शर्यती जिंकून आणि सर्वाधिक गुण मिळवून बायरन पहिले विजेते ठरले. त्यांचे वय होते ३४. दोनच वर्षांत प्रकृतीमुळे त्यांना शर्यत सोडावी लागली आणि १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. पण गुणतक्ता राहिला, तो ठेवणारी संस्थाही राहिली. बायरन यांचे नाव त्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत कायम झाले.

७/
आता पेटकर. बालपणापासून कुस्तीची ओढ असलेला हा मुलगा किशोरवयातच सैन्यात गेला. नेमणूक ईएमई दलात, म्हणजे लष्कराची वाहने, तोफा आणि यंत्रे दुरुस्त ठेवणाऱ्या शाखेत. लाल माती सुटली आणि मुष्टियुद्ध हाती आले. १९६४ मध्ये टोकियो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सेनादलांच्या क्रीडास्पर्धेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

८/
पुढल्याच वर्षी भारत-पाक युद्ध पेटले. हवाई हल्ल्यात पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांतील एक पाठीच्या कण्यापाशी रुतून बसली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. पायांच्या हालचालीवर उभा असलेला मुष्टियुद्धाचा खेळ त्या दिवशी संपला. तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही ओलांडली नव्हती.

९/
मुंबईत कुलाब्याला नौदलाचे ‘आयएनएचएस अश्विनी’ हे रुग्णालय आहे. तेथे उपचार चालू असताना व्यायामोपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. हेतू स्पर्धेचा नव्हता. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, सांधे आखडत नाहीत, खांदे आणि छाती बळकट होतात, एवढाच वैद्यकीय हिशेब होता. पेटकरांच्या दुसऱ्या क्रीडाजीवनाला येथून आरंभ झाला.

१०/
या उपचारामागे एक मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कण्याची इजा म्हणजे जवळपास मृत्युदंडच असे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांमुळे बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत. नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडविल येथे जखमी सैनिकांसाठी कण्याच्या इजेचा विभाग सुरू केला. रुग्णाला अंथरुणात पडू द्यायचे नाही, हे त्यांचे सूत्र होते, आणि खेळ हे त्याचे साधन.

११/
२९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडविलच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या १६ माजी सैनिकांनी, १४ पुरुष आणि २ स्त्रियांनी, धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. १९५२ मध्ये हॉलंडचे जायबंदी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये ती रोमला भरली. आज जिला पॅरालिंपिक म्हणतात, तिचा उगम असा लष्करी रुग्णालयाच्या अंगणात आहे.

१२/
पेटकर १९६८ मध्ये इस्रायलमधील तेल अवीव येथे टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकले. पुढील स्पर्धा १९७२ मध्ये जर्मनीत होती. खेळाडूला तेथवर पोहोचवण्याचा खर्च मोठा होता. तेव्हा माजी कसोटीपटू आणि गिरणीमालक विजय मर्चंट मदतीला आले. अपंगांसाठी काम करणाऱ्या त्यांच्या संस्थेने पेटकरांच्या प्रवासखर्चाचा भार उचलला.

१३/
१९७२ चे ऑलिंपिक म्युनिकला होते. पण तेथील क्रीडाग्रामातील घरे स्पर्धेनंतर नागरिकांना द्यायची ठरली असल्याने अपंगांच्या स्पर्धेला जागा उरली नाही. ती हायडेलबर्गला हलवली गेली आणि ऑलिंपिकच्या आधीच, ऑगस्टच्या आरंभी, भरली. ४० हून अधिक देशांतील सुमारे हजार खेळाडू आले होते. ज्या देशातून गुटमान यांना पळून यावे लागले, त्याच देशात त्यांचे क्रीडापर्व साजरे होत होते.

१४/
पेटकरांची शर्यत होती ५० मीटर मुक्त जलतरण, वर्ग तिसरा. कण्याला इजा कोणत्या पातळीवर झाली आहे, यावरून हे वर्ग ठरत. पाय निकामी असले की जलतरणपटूला लाथेचा जोर तर मिळत नाहीच, शिवाय पाय खाली बुडतात आणि पाण्याचा अडथळा वाढतो. सगळा वेग खांद्यांतून आणि हातांतून काढावा लागतो. बायरन यांच्या अधू पायासाठी गाडीचे पेडल बदलता आले. पाण्यात बदलता येण्याजोगे काहीच नव्हते.

१५/
वेळ नोंदली गेली ३७.३३ सेकंद. त्या वर्गातील विश्वविक्रम आणि भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक. तुलनेसाठी एक आकडा पुरेसा आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झालेल्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मार्क स्पिट्झ यांनी १०० मीटर अंतर ५१.२२ सेकंदांत कापले, म्हणजे ५० मीटरला सरासरी २५.६१ सेकंद. दोन्ही पायांचे बळ असलेला जगातील सर्वांत वेगवान पुरुष आणि केवळ हातांवर पोहणारा सैनिक यांच्यात १२ सेकंदांपेक्षाही कमी अंतर होते.

१६/
हायडेलबर्गला पेटकर एकाच प्रकारात उतरले नव्हते. भालाफेक, लक्ष्यावर नेमका भाला टाकण्याची स्पर्धा आणि चाकाच्या खुर्चीने अडथळे चुकवत जाण्याची ‘स्लॅलम’ शर्यत, या तिन्हींत ते अंतिम फेरीत पोहोचले. आठ वर्षांपूर्वी टोकियोच्या रिंगणात उभा राहिलेला मुष्टियोद्धा आता बसून आणि पोहून चार वेगवेगळे खेळ खेळत होता.

१७/
मग विस्मरण का झाले? पहिले कारण नावाचे. १९७२ मध्ये त्या स्पर्धेचे अधिकृत नाव ‘एकविसावी आंतरराष्ट्रीय स्टोक मँडविल क्रीडास्पर्धा’ असे होते. ‘पॅरालिंपिक’ या नावाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली ती १९८४ मध्ये. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती स्थापन झाली १९८९ मध्ये. हायडेलबर्ग ही ‘चौथी पॅरालिंपिक’ होती, ही ओळख मागाहून दिली गेली. पदक जिंकले तेव्हा ते कोणत्या नावाच्या रकान्यात लिहायचे, हेच ठरलेले नव्हते.

१८/
दुसरे कारण संस्थेचे. अपंग खेळाडूंची राष्ट्रीय संघटना भारतात १९९० च्या दशकात उभी राहिली. तोवर विक्रमांची वही सांभाळणारे, पुरस्कारासाठी शिफारस करणारे, पुढच्या पिढीला नाव सांगणारे कोणीच नव्हते. १९८४ मध्ये जोगिंदरसिंग बेदी यांनी तीन आणि भीमराव केसरकर यांनी एक पदक जिंकले. त्यांची नावे तरी आज किती जणांना आठवतात? दुसरे सुवर्णपदक येण्यास तर २००४ साल उजाडले. अथेन्सला भालाफेकीत ते देवेंद्र झाझरिया यांनी मिळवले.

१९/
दरम्यान पेटकरांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली आणि संसार सांभाळला. १९८० च्या दशकात त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो मान्य झाला नाही. १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या त्या पुरस्काराच्या चौकटीत जायबंदी सैनिकाचा विश्वविक्रम बसू शकला नाही. पराक्रम तोच होता. तो मोजण्याची पट्टी सरकारदरबारी तयार नव्हती.

२०/
आणि मग एक विलक्षण योगायोग. १९ जानेवारी २०१८ रोजी रेड बायरन यांचा नॅसकारच्या कीर्तिदालनात समावेश झाला. अवघ्या सहा दिवसांनी, २५ जानेवारी २०१८ रोजी, भारत सरकारने मुरलीकांत पेटकर यांना पद्मश्री जाहीर केली. बायरन तेव्हा हयात नव्हते. पेटकर मात्र तो सन्मान स्वीकारण्यासाठी स्वतः राष्ट्रपती भवनात उपस्थित होते.

२१/
२०२४ मध्ये त्यांच्या जीवनावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला. १७ जानेवारी २०२५ रोजी त्यांना जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार प्रदान करण्यात आला. अर्ज नाकारला गेल्याला तोवर चार दशके लोटली होती.

२२/
दोन्ही सन्मान उशिराच आले, तरी त्यांत फरक आहे. बायरन यांचे नाव १९४९ पासून गुणतक्त्यात होते. दालन उभे राहिले तेव्हा ते नाव फक्त उचलून तेथे ठेवायचे होते. पेटकरांचे नाव जर्मनीतल्या निकालपत्रात होते, पण त्या निकालपत्राला आपले म्हणणारी संस्था भारतात नव्हती. इतिहास घडवणारा आणि त्याची नोंद ठेवणारा असे दोघेही असावे लागतात. दुसरा नसेल, तर पहिल्याला वाट पाहावी लागते.

२३/
पुण्याजवळ खडकी येथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताने २९ पदके जिंकली, त्यांत ७ सुवर्ण. आज त्यातील प्रत्येक विजेत्याचे नाव, प्रकार आणि वर्ग काही क्षणांत सापडतो. त्या यादीत मागे मागे जात राहिले की सर्वांत पहिली ओळ येते: हायडेलबर्ग, १९७२, ५० मीटर मुक्त जलतरण, ३७.३३ सेकंद.