जुळलेल्या अंकांचं लुगर

पिंपरीच्या एका टूलरूममध्ये मी फिटरकाम शिकलो. आता ओहायोत राहतो. इथे पन्नास वर्षांपूर्वीची पिस्तुलं संग्राह्य वस्तूंत मोडतात आणि घेणाऱ्याची रीतसर तपासणी झाली की विकत मिळतात. मला पहिलं घ्यायचं होतं ते लुगर पी-०८, आणि तेही पहिल्या महायुद्धातलं. त्यात फिटरचा हात दिसतो.

ह्यूगो बोर्खार्टचं १८९३ चं मूळ पिस्तूल अवजड आणि बेढब होतं. त्याला आटोपशीर रूप दिलं गेओर्ग लुगरने. स्वित्झर्लंडने ते १९०० मध्ये स्वीकारलं, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये, भूदलाने १९०८ मध्ये. लुगरने त्यासाठी तयार केलेलं ९ मिलिमीटरचं काडतूस आजही चालतं. आपल्या पोलिसांच्या नऊ एमएम पिस्तुलात तेच असतं.

गोळी सुटली की नळी आणि मागचा सांधा जोडीने किंचित मागे सरकतात. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या गोल घुंड्या चौकटीच्या उतारावर चढतात, ताठ सांधा गुडघ्यासारखा वर दुमडतो आणि रिकामं काडतूस बाहेर पडतं. हे सफाईने चालायला भाग एकमेकांत कानस मारून बसवावे लागत. बसवले की अंक ठोकायचे, कारण झिलईसाठी सगळं पुन्हा सुटं व्हायचं आणि प्रत्येक भाग परत त्याच पिस्तुलात यायला हवा.

म्हणून जाणकार आधी अंक जुळतात का ते बघतात. माझ्या पिस्तुलावर वरच्या बाजूला १९१७ हे साल आहे, सांध्यावर बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्याची गुंफलेली अक्षरं. चौकटीवर पूर्ण क्रमांक. चापावर, सेफ्टीवर, बाजूच्या पट्टीवर, अगदी फायरिंग पिनवरही त्याचे शेवटचे दोन आकडे. भिंग लावून एकेक ताडून पाहिला.

दुकानात शेजारीच दुसरं लुगर होतं, लख्ख आणि स्वस्त. कुणीतरी ते घासून नवी झिलई चढवली होती. ठशांच्या कडा बोथट झाल्या होत्या आणि चापाचा मूळ गवती पिवळा रंग काळ्याखाली गेला होता. पोलाद ठरावीक उष्णतेपर्यंत तापवलं की तो रंग आपोआप उमटतो. टेंपरिंग करताना आम्ही तोच बघून थांबायचो. असं काम पुसून टाकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

माझ्या पिस्तुलातलं मॅगझिन मात्र त्याचं नाही. तळाचा लाकडी ठोकळा त्याच काळातला आहे, क्रमांक वेगळा. पिस्तुलासोबत दोन मॅगझिनं मिळत आणि जादा मॅगझिनवर अधिकचं चिन्ह ठोकलेलं असे. हे तसलंच जादाचं, कुठल्या तरी वेगळ्या पिस्तुलाचं. विक्रेत्याने ते आधीच सांगितलं आणि किंमतही त्या मानाने लावली.