वऱ्हाडातील जीप व डिफरन्शियलची तेलगळती : एक टिपण

१९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्राने विलिस जीपची जुळणी आरंभिली आणि पुढे ही गाडी वऱ्हाडच्या काळ्या मातीतही रुळली. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याची भूमीही हीच. वाहतुकीच्या इतिहासात रस्ते व गाड्या मोजल्या जातात. मिस्त्रीचे निदानशास्त्र मात्र सहसा अलिखितच राहते.

मागील डिफरन्शियल गळू लागले की दोष प्रथम सीलवर येतो. पण हौसिंगवरील ब्रीदर चिखलाने बुजला असल्यास तापलेल्या हवेचा दाब तेल बाहेर लोटतो. मग नवे सीलही टिकत नाही. म्हणून आधी ब्रीदर मोकळा करावा, हौसिंग पुसावे, गाडी थोडी चालवावी आणि पहिला ओघळ पाहावा. तो पुढील बाजूस असल्यास पिनियनचे सील, चाकाच्या आत असल्यास ॲक्सलचे. हे दुसरे अधिक घातक, कारण तेल ब्रेकच्या लायनिंगवर उतरते.