पैलू पाडताना

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने निरोपाचा कार्यक्रम केला होता. "बाईंनी कितीतरी हिऱ्यांना पैलू पाडले," असं जवळजवळ प्रत्येक वक्ता म्हणाला. तेव्हा ऐकून बरं वाटलं होतं. पण पैलू पाडताना हिऱ्याचं नेमकं काय होतं, याचा विचार मात्र पुढे नाशिकच्या हिऱ्याची हकिगत वाचताना मनात आला.

मंडळी, कोहिनूर सगळ्यांना ठाऊक असतो, हा आपला हिरा फारसा कुणाला ठाऊक नसतो. इंग्रजांनी नाशिकचं 'नासक' केलं आणि तेच नाव त्याला जगभर चिकटलं. हा त्र्यंबकेश्वराच्या देवळातला हिरा. १८१८ साली पेशवाई बुडाली, तो लुटीत कंपनी सरकारच्या हाती पडला आणि लंडनला गेला. तेव्हा त्याचं वजन सुमारे ९० कॅरेट होतं.

आपल्याकडचे जुने कारागीर हिऱ्याचं वजन जपत. दगडाच्या मूळ आकाराच्या कलाने घेत. आणि देवाला वाहिलेला हिरा विकायचा नसतो, त्यामुळे त्याचा भाव काढायचा प्रश्नच नव्हता. लंडनच्या जवाहिऱ्यांना मात्र झळाळी हवी होती. त्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले; वजन ८०च्या आसपास आलं. १८३७च्या लिलावात तो वेस्टमिन्स्टरच्या उमरावाकडे गेला आणि तलवारीच्या मुठीत बसला. १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने तो पुन्हा कापला. उरला ४३.३८ कॅरेट, म्हणजे निम्म्याहूनही कमी! १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर आले.

कोहिनूरचीही तीच गत. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात तो लोकांना निस्तेज वाटला, म्हणून पुढच्याच वर्षी कापून सुमारे १९० कॅरेटचा १०५वर आणला.

किंमत वाढली, झळाळीही वाढली. पण त्र्यंबकेश्वरी ज्यांनी तो हिरा पाहिला असेल, त्यांच्यापुढे आज ठेवला तर ते ओळखतील का?

हे वाचताना मला माझ्या वर्गात खानदेशातून आलेला एक मुलगा आठवला. अहिराणीत अशा रंगवून गोष्टी सांगायचा की मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती घोळका जमे. मी त्याला "शुद्ध बोल" म्हणून सतत टोकत राहिले. वर्षअखेर तो अगदी शुद्ध बोलू लागला, गुणही चांगले मिळाले. फक्त गोष्टी सांगायचा थांबला. मी तेव्हा ते माझं यश मानलं.

तो आता कुठे असतो, ठाऊक नाही. भेटला तर म्हणेन, बाळा, अहिराणीत एक गोष्ट सांग. त्याला अजून सांगता येत असेल का?