पत्र्याच्या डब्यातली रंगपेटी

आजची गोष्ट १९९१ची. अमेरिकेत मार्क झिमर आणि टॉम हेजेस यांनी 'पेंटर' हे सॉफ्टवेअर आणलं, आणि विकलं चक्क रंगाच्या डब्यात! त्यातला कोळसा कागदाच्या उंचवट्यांवर उमटायचा. पेन दाबलं की खळगेही भरायचे. पुढे जलरंग आला. 'वाळव' म्हणेपर्यंत तो ओलाच!

त्याच्याच आजच्या आवृत्तीवर मी आजीचं पोर्ट्रेट काढतेय. आधी कोळशाने छाया-प्रकाश, मग ओला रंग. कितीतरी चेहरे बिघडले. चूक ब्रशची नव्हती. 'अनडू' हाताशी होतं, म्हणून मी आजीकडे नीट बघतच नव्हते. आता अनडू बंद.

काल आजीने विचारलं, "झाले का गं डोळे?"

म्हटलं, "थांब, अजून ओले आहेत."