बर्फाळ मुलखाचा कोट आणि भाईंदर खाडीची हवा

ज्यांना कानांनी ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

मार्च उजाडला की आमच्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "पिल्लाला खूप केस आहेत, मीरा रोडला इतकं उकडतंय, सगळे केस काढून टाकू का?" कोणाकडे पॉम असतो, कोणाकडे हस्की, कोणाकडे चाऊ चाऊ. उत्तर एका शब्दात द्यायचं तर "नको". पण का नको, हे कळायला जरा मागे जावं लागतं. तुमच्या सोफ्यावर झोपलेल्या त्या कापसाच्या गोळ्याच्या अंगावर हजारो किलोमीटर दूरचा मुलूख आणि शेकडो वर्षं आहेत. म्हणून आज इतिहास आधी आणि ब्रश नंतर.

सुरुवात आपल्या गावापासून. मीरा-भाईंदर म्हणजे खाडी, मिठागरं, उत्तनचे कोळीवाडे आणि घोडबंदर. या बंदरात अरबस्तानातले घोडे उतरायचे, म्हणून ते घोडबंदर, असं सांगतात. म्हणजे लांबच्या मुलखातलं जनावर या दमट किनाऱ्यावर आणायची हौस आपल्याकडे जुनीच. पण इथला मूळ कुत्रा कसा होता? गावातला, बंदरावरचा, कोळीवाड्यातला कुत्रा बघा. आखूड केस, सडपातळ अंग, लांब तोंड, उभे कान. हा देह कोणी माणसाने ठरवून घडवलेला नाही. इथल्या उन्हात आणि दमटपणात जे टिकले त्यांचीच पिल्लं पुढे वाढली आणि हे रूप पक्कं झालं.

या साध्या कुत्र्यासाठी मुंबई एकदा पेटलीही होती. जून १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या हुकमाने भटके कुत्रे मारले जात होते. कुत्र्यामागे इनाम मिळायचं, त्यामुळे मारणारे जास्तच उत्साहात आले. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, अंत्यविधीतही त्याची नजर महत्त्वाची मानतात. फोर्टमधले पारशी चिडून रस्त्यावर उतरले, इतर समाजांचे लोकही त्यांच्यासोबत आले, दुकानं बंद झाली. मुंबईच्या इतिहासातल्या पहिल्या मोठ्या दंगलींमध्ये याची गणना होते. विचार करा, शहराने पहिला मोठा आवाज उठवला तो रस्त्यावरच्या, आखूड केसांच्या कुत्र्यासाठी!

मग हे झुबकेदार केस आले कुठून?

स्पिट्झ नावाचं कुत्र्यांचं एक मोठं घराणं आहे. टोकदार तोंड, छोटे उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी आणि दुहेरी कोट. हस्की, समोयेड, पॉमेरियन, सगळे याच घराण्यातले. पॉमेरियनचं नाव पोमेरेनियावरून पडलं. बाल्टिक समुद्राकाठचा हा प्रदेश आज जर्मनी आणि पोलंडमध्ये विभागलेला आहे. १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणी इटलीत फ्लोरेन्सला गेली आणि तिथून मार्को नावाचा एक छोटा पॉमेरियन घेऊन आली. राणीने पाळला म्हटल्यावर इंग्लंडभर त्याची फॅशन झाली, आणि पैदास करणारे तो आणखी लहान, आणखी फुगीर करत गेले.

भारतात इंग्रजांच्या काळात जर्मन स्पिट्झ आले. त्यांच्यापासून इथे जो कुत्रा तयार झाला, तो इंडियन स्पिट्झ. पांढराशुभ्र, बडबड्या, इथल्या हवेची थोडीफार सवय झालेला. आपण पिढ्यानपिढ्या त्यालाच "पॉमेरियन" म्हणत आलो. खरा पॉमेरियन साडेतीन किलोच्या आतला असतो. गल्लीतल्या काकूंचा सात-आठ किलोचा "पॉम" बहुतेक वेळा स्पिट्झ असतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण कुत्र्याला इथलं वातावरण किती झेपेल ते त्यावरही ठरतं.

आता आपल्या शहराकडे परत येऊ. १९८५ मध्ये काही ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेली. मुंबईत जागा परवडेना म्हणून लोक इथे आले, वन रूम किचन आणि वन बीएचके घेतले. अंगण गेलं, बाल्कनी आली. त्याच वर्षांत घराघरांत स्पिट्झही आला. परदेशी जाती आयात करणं तेव्हा अवघड होतं, स्पिट्झ इथेच मिळायचा, लहान घरात मावायचा, दूध-पोळीवरही वाढायचा. त्यात १९९४ साली 'हम आपके है कौन' आला आणि त्यातल्या टफीने उरलेलं काम केलं. पुढे २००३ मध्ये मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतल्या पगने तीच जादू केली. प्रत्येक पिढीचा कुत्रा पडद्यावरून घरात उतरतो, हे आपल्याकडे ठरलेलंच.

आपल्या पिढीचा पडदा म्हणजे मोबाईल, आणि आपला कुत्रा हस्की. त्याची गोष्ट खरंच भारी आहे. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी हे कुत्रे स्लेज ओढायला वाढवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अलास्कात नोम गावी पोचले. जानेवारी १९२५ मध्ये नोममध्ये घटसर्पाची साथ आली. औषध आणायला विमान उडेना, जहाज जाईना. मग सुमारे वीस चालक आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने जवळजवळ १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापलं. थंडी उणे ४० अंशांच्या घरात. शेवटचा टप्पा बाल्टोच्या टीमने पूर्ण केला म्हणून त्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा मात्र टोगोच्या टीमने पार केला होता.

ज्या कोटने त्या कुत्र्यांना उणे ४० मध्ये जिवंत ठेवलं, तोच कोट आज शांतीनगर किंवा नवघरच्या सातव्या मजल्यावर मे महिन्यात बसलेला असतो.

आता तो कोट चालतो कसा ते समजून घेऊ. त्याला दोन थर असतात. आत मऊ लव, म्हणजे अंडरकोट. बाहेर लांब, जरा राठ केस. आतली लव हवा धरून ठेवते, बाहेरचे केस पाणी आणि ऊन अडवतात. उन्हाळ्याच्या तोंडावर आतली लव झडते आणि कोट हलका होतो. ही कुत्र्याची स्वतःची सोय आहे. आपण वरपासून मशीन फिरवली की दोन्ही थर एकदम जातात. कातडी थेट उन्हाला लागते, भाजते. शिवाय स्पिट्झ घराण्यात असे काढलेले केस कधीकधी नीट परत येतच नाहीत, ठिगळं पडतात. ऑपरेशनसाठी किंवा त्वचारोगासाठी डॉक्टरांनी केस काढले तर ती गोष्ट वेगळी. "गरम होतंय म्हणून" टक्कल नको.

आणि गरम होण्याचं मूळ दुसरीकडेच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार येतो तो पंजांना. तो धापा टाकून थंड होतो. जिभेवरचं, तोंडातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि त्याबरोबर उष्णता जाते. आपल्या खाडीकाठी हवेत आधीच इतकी वाफ असते की ते पाणी उडतच नाही. म्हणून ३३ अंशांचा दमट दिवस कुत्र्यासाठी कोरड्या ३८ अंशांपेक्षा वाईट ठरू शकतो. टक्कल केलेल्या कुत्र्याची जीभही तितकीच अडकते.

मग काय करायचं? सुटलेली लव ब्रशने काढून टाकायची, म्हणजे कोटातून हवा खेळते. साधा रोजचा बेत सांगतो. स्लिकर ब्रश आणि लांब दातांची फणी घ्या. केस भागाभागाने वेगळे करून मुळापासून विंचरा. वरवर फिरवलं तर वर रेशीम आणि आत जटा, असं होतं. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या मागे गुंता आधी होतो. रोज दहा मिनिटं पुरतात, केस झडायच्या दिवसांत थोडी जास्त. हात फिरवताना गोचीड शोधा. दाट केसांत ती लपते आणि तिच्यामुळे होणारा गोचीड-ताप जिवावर बेतू शकतो.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांच्या शाम्पूने. पावसाळ्यात खरी परीक्षा वाळवण्याची असते. वरून कोरडा दिसणारा कुत्रा आत दोन-तीन तास ओला राहतो, आणि तिथे बुरशी धरते. आधी टॉवेल, मग गार हवेचा ड्रायर, शेवटी फणी.

फिरायला सकाळी सातच्या आत आणि रात्री. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. धाप थांबत नसेल, हिरड्या गडद लाल झाल्या असतील, चाल अडखळत असेल, तर साधं पाणी पोटावर आणि पायांवर ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते.

पिल्लू नवीन असेल तर आणखी थोडं. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. "चार आठवड्यांचं आहे, लगेच न्या" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. आईजवळच्या त्या आठवड्यांत पिल्लू किती जोरात चावायचं तेही शिकतं. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची साधारण तीन महिन्यांला. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, पण कडेवर घेऊन लोकल, रिक्षा, ढोल, पाऊस सगळं दाखवा. ब्रशची ओळख पहिल्याच आठवड्यात करून द्या. दोन मिनिटं ब्रश, एक खाऊ, बस्स. आणि चार ते सहा महिन्यांत पिल्लाचे मऊ केस झडून ते माकडासारखं दिसू लागलं तर घाबरू नका. मोठेपणीचा कोट येतोय.

सोसायटीत कोणी "कुत्रा ठेवायचा नाही, लिफ्टमध्ये आणायचा नाही" म्हणालं तर शांतपणे सांगा, भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी सरसकट बंदी घालता येत नाही. आपल्या कुत्र्याची घाण उचलायची जबाबदारी मात्र आपलीच. ती पाळली की अर्धी भांडणं आपोआप मिटतात.

माझं स्वतःचं मत लपवत नाही. घरात आधीच असं पिल्लू असेल, तर त्याला दुसरीकडे पाठवायचा विचारही करू नका. त्याने भाईंदर निवडलेलं नाही, आपण निवडलंय. त्या निवडीची किंमत म्हणजे रोजचा ब्रश, मे महिन्यातलं वाढीव वीजबिल आणि काळ्या पँटवरचे पांढरे केस. पण अजून पिल्लू आणलं नसेल आणि रील बघून हस्कीवर मन बसलं असेल, तर एकदा खाली जाऊन गेटजवळ झोपलेली पिल्लं बघा. त्यांच्या अंगावरचा आखूड कोट याच हवेत हजारो वर्षं तपासून निघालाय. तो रील्समध्ये फारसा चमकणार नाही, पण भर मेमध्येही तुमच्या पायाशी निवांत घोरत पडेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर पाण्याचं भांडं भरलेलं ठेवा, घरातल्यांसाठी आणि गेटबाहेरच्यांसाठीही.