भोकांचा पत्रा आणि दीर्घिकांची खानेसुमारी

विश्वात लहान दीर्घिका किती आणि थोराड किती? नुसत्या फोटोवरून हे सांगता येत नाही. दूरची थोराड आणि जवळची लहान तिथे सारखीच दिसते. अंतर हवं, आणि ते मिळतं वर्णपटातल्या रेषा लाल टोकाकडे किती सरकल्यात त्यावरून. १९७७ मध्ये ॲरिझोनातल्या माउंट हॉपकिन्सवर ही मोजणी सुरू झाली तेव्हा एका वेळी एकाच दीर्घिकेचा वर्णपट घेता येई. पाच वर्षांत सुमारे २४०० दीर्घिका झाल्या.

ही कोंडी फोडली ॲल्युमिनियमच्या पत्र्याने. १९७९ मध्ये ॲरिझोनातच स्ट्युअर्ड वेधशाळेच्या मंडळींनी पत्र्याला दीर्घिकांच्या जागी भोकं पाडली आणि प्रत्येक भोकातून काचतंतू ओवला, म्हणजे अनेक दीर्घिकांचे वर्णपट एकदमच मिळू लागले. न्यू मेक्सिकोतल्या स्लोन पाहणीने तीच युक्ती कारखान्याच्या मापात नेली. सिएटलमध्ये पत्रे भोकं पाडून तयार होत. एक पत्रा आकाशाच्या एकाच तुकड्याचा. वेधशाळेत दिवसा माणसं बसून ६४० तंतू हातांनी खोचत. कुठला तंतू कुठल्या भोकात, याचं बंधनच नव्हतं! नंतर तंतूंच्या दुसऱ्या टोकाकडून एकेकात प्रकाश सोडायचा, कॅमेऱ्याने टिपायचं आणि यादी जुळवायची. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते ती ही सोय.

अंतर कळलं की दीर्घिकेचं खरं तेज कळतं. पण प्रकाश म्हणजे वस्तुमान नव्हे. थोडेसे तरुण निळे तारेही भलतेच झगमगतात. २००३ मध्ये ग्विनिव्हिअर काउफमन आणि सहकाऱ्यांनी स्लोनच्या सव्वा लाखाच्या आसपास वर्णपटांत ४००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीजवळची प्रकाशाची पायरी मोजली. तारे जुने, तर पायरी उंच. वयावरून प्रकाशामागचं वस्तुमान काढता आलं. सुमारे ३००० कोटी सूर्यांच्या वस्तुमानापाशी दीर्घिकांचे दोन गट पडलेले दिसले: खाली तरुण ताऱ्यांच्या, वर जुन्या ताऱ्यांच्या.

मोजणीतला पक्षपातही काढायला हवा होता. मंद दीर्घिका जवळ असली तरच सापडते. त्यावरची तोड मार्टेन श्मिट यांनी १९६८ मध्येच क्वेसारांसाठी काढून ठेवली होती: जी वस्तू जेवढ्या घनफळात दिसू शकली असती, तेवढ्याने तिची गणती भागायची. म्हणजे हाती लागलेल्या एका बुटक्या दीर्घिकेचं वजन हिशेबात कितीतरी पटींनी वाढतं. कुठल्या वस्तुमानाच्या किती दीर्घिका, याचा आलेख उतरला तो पॉल शेक्टर यांच्या १९७६ च्या वक्ररेषेच्या घाटाचा. आधी संथ उतार, मग एकदम कडा.

चेंग ली आणि सायमन व्हाइट यांनी २००९ मध्ये जवळपास पाच लाख दीर्घिकांची बेरीज मांडली, तर आपल्या आसपासच्या विश्वातल्या साध्या पदार्थापैकी जेमतेम साडेतीन टक्के ताऱ्यांत निघाला.

पत्र्याची एक अडचण मात्र राहिली. दोन भोकं फार जवळ पाडता येत नाहीत, म्हणून दाटीतल्या काही दीर्घिका सुटत. ऑस्ट्रेलियातल्या ‘गामा’ पाहणीने यंत्रहाताने तंतू मांडत तोच आकाशाचा तुकडा पुनःपुन्हा पाहिला. २०१२ मध्ये तिची मोजणी १० कोटी सूर्यांपर्यंत खाली उतरली, आणि लहान वस्तुमानांकडे वक्ररेषा अधिक वेगाने वर चढताना दिसली.